वळायला जागा

न्यू जर्सीतला प्रिन्स्टनजवळचा आमचा छोटा विमानतळ आणि कॅलिफोर्नियातलं लिव्हरमोर, ही दोन टोकं टॅब्लेटवर बोटाने जोडली की एक गुलाबी रेघ उमटते. तिच्याखाली आकडे येतात: सुमारे २,२०० सागरी मैल, ११० नॉट वेगाने वीस तास, पेट्रोल इतके इतके गॅलन. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम. त्यानंतरचे काही महिने जातात ते ही रेघ पुसण्यात.

विमान १९८२ सालचं सेस्ना १७२. चार सिलिंडरचं, १६० अश्वशक्तीचं एकच इंजिन, दोन दारं आणि चार खुर्च्या. खुर्च्या चार आहेत म्हणून चार माणसं मावतील असं समजू नये. टाक्या काठोकाठ भरून चार धडधाकट माणसं सामानासकट बसवली, तर ते विमान नियमाप्रमाणे उडूच शकत नाही. आम्ही चौघांनी मिळून ते घेतलंय. त्यामुळे पंधरा दिवसांसाठी ते एकट्याने न्यायचं, तर उरलेल्या तिघांची मर्जी सांभाळणं आलं. या वाटाघाटी हवामानापेक्षा अवघड असतात, पण त्या इथे उगाळत नाही. माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे, इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही. म्हणजे ढगात शिरायची मला मुभा नाही. जमीन आणि क्षितिज सतत नजरेसमोर हवं. सोबत बायको. ती विमान चालवत नाही, पण नकाशा माझ्याहून चांगला वाचते, आणि या प्रवासात तिला नकाराधिकार आहे. दोघांपैकी एकाने ‘आज नको’ म्हटलं की त्यावर चर्चा नाही. विमान चालवणाऱ्या नवऱ्यांना हा करार मी आवर्जून सुचवतो. भांडणाचे विषय इतर पुष्कळ असतात.

ती सरळ रेघ मात्र सहज पुसवत नाही. तिला इतिहास आहे. पेनसिल्व्हेनियाचे डोंगर, क्लीव्हलँड, शिकागो, आयोवा सिटी, ओमाहा, नॉर्थ प्लॅट, शायेन, रॉलिन्स, रॉक स्प्रिंग्ज, सॉल्ट लेक सिटी, एल्को, रीनो, सॅन फ्रान्सिस्को. ८ सप्टेंबर १९२० रोजी अमेरिकेच्या टपाल खात्याने किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत विमानाने पत्रं न्यायला सुरुवात केली ती याच वाटेने. पहिल्याच टप्प्यात, पेनसिल्व्हेनियातल्या बेलफाँटच्या आसपास, ॲलेघेनी डोंगर इतके वैमानिक गिळत होते की त्या पट्ट्याला वैमानिकांनी नरकाचंच नाव दिलं होतं. तेव्हा विमानं दिवसाच उडायची. अंधार पडला की पत्रांच्या पिशव्या आगगाडीत चढवायच्या. मग विमानाचा फायदा काय, असा प्रश्न साहजिकच निघाला. फेब्रुवारी १९२१ मध्ये जॅक नाइट नावाच्या वैमानिकाने त्याचं उत्तर दिलं. नॉर्थ प्लॅटहून रात्री निघून तो ओमाहाला उतरला. तिथून पुढे नेणारा माणूस आलेलाच नव्हता. तेव्हा कधी न उडालेल्या प्रदेशावरून, रस्त्यांचा नकाशा घेऊन, वाटेतल्या गावकऱ्यांनी पेटवलेल्या शेकोट्या बघत बघत तो सकाळी शिकागोला पोचला.

पुढे खात्याने त्या वाटेवर दिव्यांचे मनोरे उभारले. मनोऱ्याच्या पायथ्याशी काँक्रीटचा भलामोठा बाण ओतायचा, तो पिवळा रंगवायचा आणि त्याचं टोक पुढच्या मनोऱ्याकडे करायचं. मनोरे गेले. वायोमिंग, युटा, नेवाडाच्या माळरानावर त्यातले काही बाण अजून पडून आहेत, रंग उडालेले, कडांना गवत उगवलेले. ते विमानातून पाहावेत ही माझी जुनी हौस, आणि गुलाबी रेघ त्यांच्या जवळूनच जाते.

याच वाटेवर, शायेन ते सॉल्ट लेक या तुकड्यात, १९३० साली एलरे जेपसन हा तरुण टपालाची विमानं चालवायला लागला. वैमानिकांकडे तेव्हा धड नकाशे नव्हते. त्याने दहा सेंटची एक काळी वही विकत घेतली. कुठलं मैदान किती लांब, त्याला उतार कुठल्या बाजूला, कडेला झाडं आहेत की तारा, पाण्याची टाकी किती उंच, हे तो त्या वहीत लिहीत गेला. सुट्टीच्या दिवशी उंचीमापक घेऊन टेकड्या चढला, धुराड्यांची उंची काढली. इतर वैमानिक त्याच्या वहीची नक्कल मागायला लागले, तेव्हा १९३४ मध्ये त्याने ती छापून दहा डॉलरला विकायला सुरुवात केली. आज जगभरच्या विमान कंपन्यांच्या कॉकपिटमध्ये त्याच्या नावाचे नकाशे असतात. पण मला त्या वहीतली सगळ्यात शहाणी नोंद वेगळीच वाटते. वाटेतल्या शेतकऱ्यांचे टेलिफोन नंबर त्याने टिपून ठेवले होते. पुढच्या खिंडीत ढग आहेत का, हे तिथे राहणाऱ्या माणसाला फोन करून विचारायचं.

त्या शेतकऱ्यांची जागा आता स्वयंचलित हवामान केंद्रांनी घेतली आहे. गंमत म्हणजे त्यांनाही फोन नंबर आहेत. रॉलिन्सच्या विमानतळाचा नंबर फिरवला की एक यांत्रिक आवाज वाऱ्याची दिशा, वेग, ढगांची उंची, तापमान आणि हवेचा दाब सांगतो. न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात चहा ठेवून मी कैक सकाळी रॉलिन्सला फोन केला आहे. वारा बहुतेक वेळा वीस नॉटच्या वर. बायको म्हणाली, “त्या गावात माणसं राहतात की पतंग?”

वायोमिंगचा खरा प्रश्न विरळ हवेचा आहे. लॅरमीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ७,२८४ फुटांवर. त्या उंचीचं प्रमाण तापमान शून्याच्या किंचित वर. उन्हाळ्याच्या दुपारी तिथे २८ अंश असले, तर प्रत्येक जादा अंशामागे सुमारे १२० फूट धरायचे. म्हणजे हवा १०,६०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ झाली. धावपट्टी जिथल्या तिथेच असते. इंजिन, पंख आणि प्रोपेलर यांच्या लेखी मात्र आपण साडेदहा हजार फुटांवरून टेकऑफ करत असतो. आमच्या इंजिनाला टर्बोचार्जर नाही. दर हजार फुटांमागे त्याची सुमारे तीन टक्के ताकद जाते. न्यू जर्सीत मिनिटाला सातशे फूट चढणारं विमान तिथे अडीचशे-तीनशे फूट चढतं, आणि डोंगराआडून कोसळणारा वारा त्याला मिनिटाला पाचशे फूट खाली ओढू शकतो. वजाबाकी कुणीही करावी.

लॅरमीच्या पश्चिमेला मेडिसिन बो ही डोंगररांग आहे. तिचं शिखर बारा हजार फुटांच्या वर. ६ ऑक्टोबर १९५५ रोजी डेन्व्हरहून सॉल्ट लेकला निघालेलं युनायटेड एअरलाइन्सचं चार इंजिनांचं डीसी-४ त्या शिखराजवळच्या कड्यावर आदळलं. ६६ माणसं होती, एकही वाचलं नाही. ठरलेला मार्ग डोंगररांगेला उत्तरेकडून वळसा घालून जात होता. विमान त्या मार्गावर नव्हतं. डेन्व्हरहून ते निघालं होतं तासाभराहून जास्त उशिरा. वैमानिकाने मार्ग का सोडला हे चौकशीत कळू शकलं नाही, आणि जे कळलं नाही ते मी माझ्याकडून भरून काढणार नाही. एवढं खरं की नकाशावर पट्टी ठेवली तर लॅरमी आणि रॉक स्प्रिंग्ज यांच्यामधली जवळची वाट त्या डोंगरांवरूनच जाते.

डोंगरावरून छोटं विमान कसं न्यावं याचे काही ठोकताळे शिकवले जातात. शिखरांच्या उंचीवर वारा २५ नॉटच्या वर असेल तर त्या दिवशी जमिनीवरच राहावं. धार ओलांडताना तिच्यापेक्षा किमान दोन हजार फूट वर असावं. आणि धारेकडे समोरासमोर कधी जाऊ नये, पंचेचाळीस अंशांत तिरकं जावं. हा तिसरा ठोकताळा मला फार आवडतो. तिरकं गेल्याने अंतर वाढतं, वेळ वाढतो, पेट्रोल जास्त लागतं. फायदा एकच: धारेच्या तोंडाशी विमान खाली ओढलं जायला लागलं, तर पूर्ण उलटं वळावं लागत नाही. थोडकं वळण घेतलं की तोंड खोऱ्याकडे. म्हणजे पलीकडे जायच्या क्षणाची आखणी करतानाच, पलीकडे जाता आलं नाही तर काय, याची सोय त्या कोनात करून ठेवलेली असते.

कोकणातल्या एखाद्या वाडीत पहिल्यांदा एसटी नेणारा ड्रायव्हर आधी पुढचा रस्ता बघत नाही. गाडी वळवायला जागा कुठे आहे ते बघतो. जागा नसेल तर रस्ता कितीही चांगला असो, तो गाडी फाट्यावरच उभी करतो. एका इंजिनाच्या विमानाचा मार्ग आखणं म्हणजे अशा वळायच्या जागांची यादी करणं, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय. ठरलेल्या ठिकाणी पोचण्याचा भाग त्यात फार थोडा असतो.

म्हणून आम्ही दक्षिणेची वाट धरायची ठरवली. त्यात नवं काही नाही. १९११ साली कॅल रॉजर्सने राइट बंधूंच्या लाकूड-कापडाच्या विमानातून अमेरिका पहिल्यांदा ओलांडली, तेव्हा तोही रॉकी पर्वताला भिडला नव्हता. शिकागोहून तो दक्षिणेला वळला, टेक्सासमधून एल पासो, टूसॉन करत कॅलिफोर्नियाला गेला, तेही रेल्वेचे रूळ बघत. खालून त्याची खास गाडी चालली होती, सुटे भाग घेऊन. आणि ते भाग सारखे लागत होते. १७ सप्टेंबरला निघून तो ५ नोव्हेंबरला पॅसाडिनाला पोचला. वृत्तपत्रसम्राट हर्स्टने ५०,००० डॉलरचं बक्षीस लावलं होतं, पण तीस दिवसांत पोचायची अट होती. मुदत वाटेतच संपली आणि बक्षीस गेलं. रॉजर्स तरी पुढे जात राहिला. माझ्या मते त्याचा प्रवास मुदत संपल्यावर जास्त शहाणपणाचा झाला असावा. पण हा आपला माझा अंदाज.

आमची वाट अशी. प्रिन्स्टनहून नैर्ऋत्येला निघायचं, पण वॉशिंग्टनपासून लांब राहून. राजधानीभोवती तीस सागरी मैलांचं खास नियमांचं क्षेत्र आहे, आणि साठ मैलांच्या आत माझ्यासारख्याने उडायचं तर त्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असावं लागतं. वायव्येकडून वळसा घालावा तर मेरिलँडच्या डोंगरात कॅम्प डेव्हिड. राष्ट्राध्यक्ष तिथे मुक्कामाला आले की त्याच्याभोवतालचं निषिद्ध वर्तुळ फुगतं. म्हणजे आमचा पहिला टप्पा राष्ट्राध्यक्षांच्या सुट्टीवर अवलंबून! त्यानंतर शेनान्डोआचं खोरं. दोन्हीकडे डोंगर, मधे शेतं, खाली महामार्ग. नॉक्सव्हिल, मेम्फिसच्या बाजूने लिटल रॉक, टेक्सारकाना, ॲबिलीन, फोर्ट स्टॉकटन, व्हॅन हॉर्न, एल पासो. तिथून डावीकडे मेक्सिकोची हद्द आणि उजवीकडे व्हाइट सँड्सचं क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचं प्रचंड निषिद्ध क्षेत्र, यांच्या मधून डेमिंग. अमेरिकेचा जलविभाजक या बाजूला साडेचार हजार फुटांच्या आसपास ओलांडता येतो. एकाही शिखराशी सामना नाही. मग टूसॉन, ब्लाइथ, सॅन गोर्गोनिओची खिंड, टेहाचापी, आणि सॅन होआकीनच्या सपाट खोऱ्यातून लिव्हरमोर.

बेरीज सुमारे २,६०० मैल. सरळ रेघेपेक्षा चारशे मैल जास्त, म्हणजे चार तास आणि पस्तीसेक गॅलन. या पैशात दोघांचं साध्या विमानाचं एकेरी तिकीट सहज येईल, हे मला माहीत आहे. कृपया कुणी सांगू नये.

दक्षिणेची वाटही निर्धोक नाहीच. सॅन गोर्गोनिओच्या खिंडीच्या दोन्ही अंगांना दहा-अकरा हजार फुटांचे डोंगर आहेत आणि खिंडीत पवनचक्क्यांचं रान उभं आहे. पवनचक्क्या बांधणाऱ्यांनी वाऱ्याचा अभ्यास आपल्यापेक्षा जास्त केलेला असतो, एवढं तिथे लक्षात ठेवलं तरी पुरे. ऑक्टोबरात वाळवंटाकडून समुद्राकडे सुटणारे सांता ॲना वारेही सुरू होतात. त्या दिवसांत खिंडीच्या अलीकडे मुक्काम. वाळवंटातल्या मोटेलमध्ये पुस्तक वाचत पडायची आमची तयारी आहे. पुस्तकं बायको निवडणार.

सेक्शनल नकाशे मी अजून कागदाचेही घेतो. पाच लाखांत एक या प्रमाणाचे हे नकाशे दर ५६ दिवसांनी बदलतात, त्यामुळे बहुतेक जण टॅब्लेटवरच भागवतात, आणि उडताना मीही तोच वापरतो. पण घरच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरला की जमीन जमिनीसारखी दिसते. सखल भाग हिरवा, चढत जाईल तसा तपकिरी. कंट्रोल टॉवर असलेला विमानतळ निळा, नसलेला किरमिजी. वर्तुळाला चार दात असतील तर तिथे पेट्रोल मिळतं. रात्री फिरता दिवा असेल तर डोक्यावर चांदणी. प्रत्येक चौकोनात त्या भागातला सगळ्यात उंच अडथळा मोठ्या आकड्यात. होकायंत्राची चूक दाखवणाऱ्या तुटक रेषाही त्यावर असतात. न्यू जर्सीत सुई खऱ्या उत्तरेच्या बाराएक अंश पश्चिमेला दाखवते, कॅलिफोर्नियात जवळजवळ तेवढीच पूर्वेला. मिसिसिपीच्या आसपास कधीतरी दोन्ही उत्तरा एक होतात आणि पुन्हा फाटतात. आकाशात हे जाणवत नाही. टेबलावर जाणवतं, आणि खरं सांगायचं तर टेबलावरचा प्रवास मला बऱ्याचदा जास्त आवडतो.

वाऱ्याचा हिशेब लोकांना वाटतो त्यापेक्षा दुष्ट आहे. जाताना समोरून लागला तर येताना पाठीमागून मिळेल, फिट्टंफाट, असं वाटतं. तीनशे मैलांचा टप्पा घ्या. वारा नसताना ११० नॉटने जाऊन-येऊन साधारण साडेपाच तास. २५ नॉटचा वारा असेल तर जाताना ८५ नॉटने साडेतीन तास लागतात, येताना १३५ नॉटने सव्वादोन; बेरीज पावणेसहा. वारा घेतो ते पूर्ण कधी परत करत नाही, कारण त्याच्या विरुद्ध आपण जास्त वेळ झगडतो. अमेरिकेत वारे मुख्यतः पश्चिमेचे, आणि आम्ही निघालो पश्चिमेला. त्यामुळे जाताना खाली उडायचं, जिथे वारा मंद; पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी उंची ठरलेल्या: ४,५००, ६,५००, ८,५००. पण इंजिन बंद पडलं तर हे विमान दर हजार फुटांमागे दीडेक सागरी मैल तरंगत जातं, म्हणजे जितकं खाली तितकी उतरायला जागा शोधायची त्रिज्या कमी. वर जावं तर वारा, खाली राहावं तर जमीन. यावरचा आमचा उपाय सोपा आहे: महामार्ग आणि शेतं सोडायची नाहीत.

पेट्रोलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. टाक्यांत वापरण्याजोगे ४० गॅलन, तासाला साडेआठच्या आसपास जळतं. कायद्याने दिवसा अर्ध्या तासाचं पेट्रोल शिल्लक राहील असं निघावं लागतं. आम्ही एक तासाचं धरतो. उरतात साडेतीन तास, आणि पन्नाशीनंतर माणसाची टाकी विमानाच्या टाकीच्या आधी बोलायला लागते. टप्पे अडीच तासांचे.

ढगांबद्दल मात्र लिहायलाच हवं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. नुसत्या उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या वीस जणांना, बाहेरचं काही दिसणार नाही अशा अवस्थेत विमान चालवायला दिलं. विसांचाही ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. हा आकडा अमेरिकेतल्या बहुतेक शिकाऊ वैमानिकांना तोंडपाठ असतो. तो सांगून घाबरवलं जातं, आणि घाबरायला हवंच. पण त्या प्रयोगाचं नाव होतं ‘१८० अंशांच्या वळणाचा प्रयोग’. शास्त्रज्ञांना माणसं किती लवकर मरतील हे मोजायचं नव्हतं. चुकून ढगात शिरलेल्या माणसाला आल्या वाटेने बाहेर पडायला शिकवता येतं का, हे बघायचं होतं. त्यांनी त्याच माणसांना वळायची एक साधी पद्धत शिकवली, आणि मग जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात ती सुखरूप वळली. आज अमेरिकेत खासगी परवान्यासाठी उपकरणांकडे पाहून उडण्याचं किमान तीन तासांचं शिक्षण सक्तीचं आहे. आकडा लक्षात राहिला आणि वळण विसरलं गेलं, याचं मला नेहमी वाईट वाटतं. मृत्यू सांगायला सोपा असतो, मागे फिरण्याची गोष्ट कुणी सांगत नाही. ‘आम्ही अर्ध्या वाटेवरून परत आलो आणि संध्याकाळी घरी खिचडी केली’ ही काय गोष्ट झाली?

हँगरमध्येही हेच. वादळाच्या कडेने निसटलेल्या माणसाभोवती लोक खुर्च्या ओढून बसतात. परत आलेला माणूस विमान पुसत असतो.

म्हणून आमच्या कागदावर प्रत्येक टप्प्याला तीन नावं आहेत: जिथे जायचं ते, त्याच्या अलीकडचं, आणि बाजूचं. नॉक्सव्हिलपुढे एक वेळ लिहिली आहे. तोपर्यंत ठरलेली खूण दिसली नाही, तर बाजूचं गाव. उंचीही लिहिली आहे. ढगांमुळे तिच्याखाली यावं लागलं तर मागचं गाव. हे घरी बसून लिहायचं कारण असं, की वर असताना माणूस वकील होतो. पुढे जरा उजेड आहे, पाचच मिनिटं बघू, एवढं आलोच आहोत तर. घरी टेबलाशी बसलेला माणूस जास्त थंड डोक्याचा असतो, आणि त्यानेच निकाल आधी देऊन ठेवलेला बरा.

पण सगळ्यात धोकादायक गोष्ट नकाशावर नसते. ती कॅलेंडरवर असते. लिव्हरमोरजवळ माझा मावसभाऊ राहतो. बेत कळल्याबरोबर त्याने विचारलं, “दादा, शनिवारी दुपारी जेवायला पोचशील ना? मंडळातली चार माणसं बोलावतो.” प्रेमाचा प्रश्न. पण शनिवार, दुपार आणि चार माणसं, हे तीन शब्द डोक्यात घेऊन खिंडीच्या तोंडाशी आलेला वैमानिक निम्मा आंधळा असतो. त्याला सांगितलं, “तुझ्याकडे आलो की फोन करतो, मग खिचडी टाक.” तो थोडा नाराज झाला. ऑफिसची सुट्टी प्रवासाच्या अंदाजाच्या दुप्पट घेतली. कुठूनही साध्या विमानाने घरी परतता येईल अशी तिकिटांची सोय पाहून ठेवली. आमचं विमान तिथेच बांधून ठेवू आणि पुढच्या आठवड्यात येऊन नेऊ. या सगळ्याला पैसे लागतात. घाईपुढे ते स्वस्तच.

आपल्याकडे या आखणीची सुरुवात कराचीहून झाली असं म्हणायला हरकत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ विमानातून टपाल घेऊन निघाले, वाटेत अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्टसेंटने टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला नेलं. विमानात रेडिओसुद्धा नव्हता. मला त्या उड्डाणापेक्षा त्यानंतरच्या पावसाळ्यांचं कौतुक जास्त. जुहूची मातीची पट्टी पावसात पाण्याखाली जायची, तेव्हा सगळं बिऱ्हाड पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलायचं. दर वर्षी चार महिने मुंबईला विमान उतरणार नाही, हे धरूनच ती सेवा चालली. आज बारामतीत किंवा धुळ्याला शिकणारी मुलं व्यावसायिक परवान्यासाठी तीनशे सागरी मैलांची फेरी करतात, वाटेत दोन ठिकाणी उतरून. त्यांना प्रत्येक फेरीआधी फ्लाइट प्लॅन देऊन हवाई संरक्षणाचा परवानगी क्रमांक घ्यावा लागतो, आणि उतरायला जागा मोजक्याच. मी सांगतोय ती चैन अमेरिकेतली आहे. इथे सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत, त्यातल्या बहुतेकांना टॉवर नाही, आणि चांगल्या हवेत माझ्यासारख्याला कुणाला न विचारता निघता येतं. वळायला एवढी जागा असलेल्या देशात बसून शहाणपण शिकवणं सोपं आहे, याची मला जाणीव आहे.

हे छोटे विमानतळ हा या प्रवासाचा सगळ्यात चांगला भाग. टेक्सासमधल्या एखाद्या गावाला उतरलं तर माणूस दिसेलच असं नाही. पेट्रोल कार्ड लावून आपलं आपण भरायचं. धावपट्टीचे दिवे रेडिओचं बटण ठरावीक वेळा दाबून आपणच लावायचे. दाराला कुलूप असलं तर आकड्यांचं. आकडा बहुतेक विमानतळाच्या रेडिओ फ्रिक्वेन्सीतला, म्हणजे वैमानिकालाच कळेल असा. आत जुना सोफा, कॉफीचं भांडं आणि खिळ्याला टांगलेली गाडीची किल्ली. ही गाडी बहुधा पोलिसांनी टाकून दिलेली, अडीच लाख मैल चाललेली. वहीत नाव लिहायचं, गावात जाऊन जेवून यायचं, पेट्रोल भरून किल्ली परत टांगायची. कुणी ओळख विचारत नाही. एकदा आर्कन्सॉमध्ये हवा बिघडली म्हणून अशाच एका गावात आम्हाला दोन रात्री राहावं लागलं होतं. तिथली दुकानदारीण बायकोला अजून नाताळचं कार्ड पाठवते. त्या गावाला आम्हाला जायचंच नव्हतं.

ऑक्टोबरात निघतोय, कारण तोपर्यंत टेक्सासच्या दुपारची वादळं बरीचशी ओसरलेली असतात आणि डोंगरांवर बर्फ साचायला वेळ असतो. पहाटे उडायचं, दुपारच्या आत खाली. नॉक्सव्हिल, लिटल रॉक, ॲबिलीन, एल पासो किंवा टूसॉनजवळ राहणारं कुणी मराठी माणूस हे वाचत असेल, तर विमानतळावर जरूर भेटायला या, आवडेल. फक्त स्वयंपाक करून ठेवू नका, रजा काढू नका, आणि निघण्याआधी फोन करा. आम्ही अलीकडच्याच गावात असू शकतो.